बुचाचा वास

आधी नाव घेतो मनवर सरांचं. त्यांच्या मागोमाग मनवर काकूंचं, कारण सरांनी शिकवलं ते रिकाम्या पोटी कधी शिकवलं नाही, आणि ते पोट काकूंनी भरलं. मी आज घरापासून इतक्या लांब, नाशिककडच्या एका वायनरीत काउंटरमागे स्वच्छ शर्ट घालून उभा राहतो, लोक मला 'एक्स्क्यूज मी' म्हणतात, ते या दोघांमुळे. काय घडलं ते आता सांगतो. लिहिण्याची सवय नाही. सर वाचतील तेव्हा लाल पेन हातात घेऊनच वाचतील, याची धास्तीही आहे.

सर दिग्रसच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा निवृत्त होऊन बरेच दिवस झालेले. उंच, किरकोळ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि बारा महिने हातात छत्री. उन्हात उघडायचे नाहीत, पावसातही फारशी नाही. रस्त्यानं बोलताना एखादा मुद्दा ठासून सांगायचा असला की छत्रीचं टोक जमिनीवर टेकवायचे. आमच्या भागात त्यांच्यासारखी पुस्तकं कोणाकडे असतील असं मला वाटत नाही. आणि ती सगळी पुस्तकं होती वाइनची. वाइनचा इतिहास, वाइनचे कोश, कोणत्या देशात कोणत्या उतारावर कोणतं द्राक्ष लागतं त्याचे नकाशे. सरांनी मात्र आयुष्यात वाइनचा थेंब चाखलेला नव्हता. वाइनचाच काय, कशाचाच नाही. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा पंचशील घेतलं, दारू सोडली, आणि मुलानं ते तसंच पुढे चालवलं.

ही पुस्तकं आली कशी, ते सर मोठ्या रंगात येऊन सांगत. नागपूरचे कोणी निवृत्त साहेब वारले. त्यांच्या मुलांनी घर रिकामं करताना पुस्तकांची खोकी कॉलेजला देऊन टाकली. प्राचार्यांनी वरचं एक पुस्तक उघडलं, बाटलीचं चित्र पाहिलं आणि मिटलं.

"मनवर, हे पोरांच्या हातात द्यायचं का? रद्दीत घाला."

"सर, रद्दीत घालायच्या आधी पुस्तक एकदा वाचलं पाहिजे, असा नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"माहा."

ती खोकी अशी सायकल रिक्षानं सरांच्या घरी आली. काकूंनी दारातच विचारलं, हे काय. सरांनी खरं ते सांगितलं. काकू म्हणाल्या, बुद्धमूर्तीच्या खोलीत नाही चालणार. मग पुस्तकं स्वयंपाकघरात गेली, तुरीच्या डाळीच्या पिंपावरच्या फळीवर. त्यामुळे मी जे काही शिकलो त्याला आजही माझ्या डोक्यात फोडणीचा वास आहे.

माझी-त्यांची भेट झाली ती बारमध्ये. हे वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून नीट सांगतो. मी मूळचा फुलसावंगीचा. नववीत शाळा सुटली. आधी दिग्रसला एका जिनिंगमध्ये कामाला होतो, सरकीची पोती उचलायचो. नंतर पुसद रोडवरच्या एका बारमध्ये वेटर लागलो. बारच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत 'वाइन' लिहिलेलं. आमच्याकडे सगळ्याच दारूच्या दुकानांवर तसं असतं.

एक दिवस सकाळी मी फरशी पुसत असताना सर छत्री घेऊन आत आले. शेठ गल्ल्यावर होते, ते उठूनच उभे राहिले. सर कोण आहेत हे त्यांना माहीत होतं.

"वाइन आहे का?" सरांनी विचारलं.

"सर, तुम्ही? आतमधी बसा ना. फॅमिली रूम खाली आहे, कोणी नाही बसलं."

"प्यायची नाही. पाहायची हाय."

"पाहायची म्हणजे?"

"बाटली हातात घेऊन वाचायची. मागच्या अंगाले काय छापलं थे."

शेठनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, वाइन बोर्डावर आहे. आतमधी नाही. इथं कोणी पीत नाही थे. रम वाचता का?"

सर एवढे हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग मला आठवलं की माळ्यावर एक बाटली आहे, कोणीतरी शेठला दिवाळीत दिलेली. ती काढली, पुसली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बाटली डोळ्याला लावून मागचा कागद मोठ्यानं वाचला. एकेका शब्दाशी थांबून आपल्याच मनाशी मराठीत अर्थ लावत होते. मी फडकं हातात घेऊन तसाच उभा.

"किती शिकला रे?" त्यांनी न बघताच विचारलं.

"नववी सर. अर्धी."

"अर्धी कोणती? पयली का दुसरी?"

"पहिली," मी म्हटलं.

"मंग दुसरी बाकी हाय म्हणायची. रविवारी घरी ये."

त्या दिवशी अर्ध्या दिग्रसनं सरांना बारमधून निघताना पाहिलं, आणि उरलेल्या अर्ध्यानं ते ऐकलं. विहारातल्या एका म्हाताऱ्या उपासकानं त्यांना गाठून विचारलंही. सर म्हणाले, "गेलतो. बाटली वाचून आलो." त्या आजोबांना हे उत्तर पटलं की नाही कोण जाणे, पण पुढं बरेच दिवस ते सरांशी बोलताना थोडं जवळ येऊन बोलत, तोंडाचा वास घेण्यासाठी. सर मुद्दाम फुंकर मारल्यासारखं बोलायचे.

रविवारी मी गेलो आणि जातच राहिलो. सरांनी मला इंग्रजी अक्षरं त्या पुस्तकांतल्या चित्रांवरून शिकवली. मला फ्रान्समधल्या नद्या पाठ झाल्या आणि आमच्या गावाकडून वाहणारी पैनगंगा कुठून निघते ते माहीत नव्हतं. ते कळल्यावर सरांनी फ्रान्स बंद केलं आणि महिनाभर मला आपल्या नद्या शिकवल्या. मग पुन्हा फ्रान्स.

सर मराठीत पुस्तक लिहीत होते. वाइनचा इतिहास आणि मागं शब्दांचा कोश, कोणालाही हातात घेऊन बघता येईल असा. मी एकदा भीत भीत विचारलं, "सर, तुमी पीत नाही, मंग हे कायले लिहून राह्यले?"

ते म्हणाले, "माहा बाप मोहाची प्यायचा. त्यानं सोडली तवा माह्या मायनं दाराले आतून कडी न लावता पयल्यांदा झोप घेतली, असं थे सांगे. मले वाटलं, ज्यानं आमचं घर इतकी वर्षं खाल्लं, थे हाय तरी काय एकदा पाहावं. वैर म्हणून वाचाले घेतलं. मंग आवडूनच गेलं."

काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, "वैऱ्यावर लोकं पुस्तक लिहीत नाहीत. वैऱ्याशी लग्न करतात."

सरांची लिहिण्याची एक पद्धत होती. प्रत्येक मजकुरापुढे ते समासात बारीक अक्षरात खूण करायचे. पुस्तकात वाचलेलं असेल तर 'वा.', कोणाकडून ऐकलेलं असेल तर 'ऐ.', आणि स्वतः तर्क केला असेल तर 'अं.', म्हणजे अंदाज. अंदाजाला ते फार जपत. "अंदाज करणं वाईट नाही बावा, थो लपवणं वाईट," असं म्हणायचे. ही खूण त्यांच्या बोलण्यातही आली होती. बस किती वाजता आहे विचारलं तर सांगायचे, "पाच वाजता. ऐकलेलं."

सगळ्यात अवघड जायचं ते चवीचं. इंग्रजी पुस्तकांत चवीसाठी फळांची नावं असायची, आणि ती फळं ना सरांनी पाहिलेली ना दिग्रसनं. मग सर आठवडी बाजारात चव शोधत फिरायचे. मी पिशवी धरून मागं. कच्चं टेंभरू, म्हणजे टेंभुर्णीचं फळ, चावायचे आणि डोळे मिटून जीभ टाळूला लावून उभे राहायचे. बाजारातल्या बायांना वाटायचं मास्तरला काहीतरी झालं. रेड वाइन जिभेला आवळते त्याला त्यांनी 'तुरटाई' हा शब्द केला आणि पुढे लिहिलं, 'कच्च्या टेंभराची, जिभेवर येऊन बसणारी. जांभळाची नव्हे, ती लवकर उठते.' जांभूळ, कवठ, हिरडा, चारोळी, भिजलेली हरभऱ्याची डाळ, सगळं त्या कोशात आहे. मोहाची फुलंही ते खायचे, नुसती.

काकू विचारायच्या, "फूल खाल्लं तर शील मोडत नाही?"

"नाही."

"अन् रातभर भिजवलं तर?"

"रातभरानं नाही मोडत. आंबलं की मोडते."

"म्हणजे तुमचं शील अन् माहं इडलीचं पीठ सारखंच."

चौकातल्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी कापूसवाले शेतकरी बसत. तिथं सर त्यांना वाइनचा इतिहास सांगत. फ्रान्समध्ये एकदा द्राक्षाच्या मुळांना एक बारीक ऊ लागली आणि देशभरातले मळे वाळून गेले, लोकांनी औषधं केली, वेलींखाली काय काय पुरलं, काही चाललं नाही. ही गोष्ट सांगायला सर कितीही वेळ घेत आणि कोणी उठत नसे, कारण प्रत्येकाच्या शेतात त्या वेळी बोंडअळी होती.

"मंग इलाज काय निघाला?" देवराव नावाच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"अमेरिकेतल्या रानटी वेलीचं मूळ घेतलं, तिले ऊ काही करत नव्हती. त्याच्यावर आपल्या वेलीचं कलम बांधलं. खालून अमेरिका, वरून फ्रान्स."

"मंग आपल्या कापसाच्या पराटीले काहून नाही बांधत कलम?"

"देवराव, पराटी तुम्ही दरसाल उपटता. थे वेल बापानं लावली तर नातू खाते."

देवरावांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे त्यांची ऊ एकदाच आली अन् आपली अळी दरसाल पाहुणी येते. मास्तर, हे पुस्तक लवकर काढा. आमच्यापेक्षा कोणाचं तरी बिघडलं होतं हे वाचून बरं वाटते."

ते पुस्तक लवकर निघावं असं सगळ्यांनाच वाटायचं. सरांना सगळ्यात जास्त. ते म्हणत, मराठीत दारूची गाणी आहेत, दारूची भाषणं आहेत, पण चव सांगणारं पुस्तक नाही. ज्याला चव कळते तो ग्लास घाईनं संपवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकानं थोडी पानं वाचून पूर्ण पाठवा म्हटलं, तेव्हा सरांनी आयुष्यात पहिल्यांदा भर दुपारी छत्री उघडली आणि ती उघडून पोस्टात गेले.

त्याच सुमारास माझं नाशिककडे जमलं. बारमध्ये माल घेऊन येणाऱ्या एका सेल्समननं सांगितलं, वायनरीत बाटल्या भरायला माणसं पाहिजेत. निघताना सरांनी कोशाची झेरॉक्स करून दिली आणि म्हणाले, "वेळ भेटला की वाच. तिथं खरी वस्तू समोर राहीन, इथं माह्यापाशी नुसते शब्द हायत."

मी वेळ मिळाला की वाचायचो. बाटल्या भरता भरता पाठ झालं. तिथं रविवारी मराठी कुटुंबं यायची, टेस्टिंग रूममध्ये उभी राहायची आणि इंग्रजी ऐकून गप्प व्हायची. एकदा माणूस कमी होतं म्हणून मला काउंटरवर उभं केलं. मी म्हटलं, ही चव कच्च्या टेंभरासारखी जिभेवर बसते, बघा. साताऱ्याच्या एक आजी म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की." आमच्या मॅडम, ज्या टेस्टिंग रूम सांभाळतात, मागं उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत काउंटरवर राहा, मग बघू. त्या 'मग बघू'पर्यंतचे दिवस मी मोजत होतो. बाटल्या भरण्याच्या कामावर परत जायची मला भीती नव्हती. पण तिथूनही काढलं तर गावी काय तोंड दाखवायचं, याची होती.

आणि मग ती बाटली आली. आमच्याकडे साध्या वाइनला फिरकीचं झाकण असतं, फक्त भारी रेडला खरं बूच. पुण्याहून आलेल्या एका जोडप्यासाठी मी भारी रेड उघडली. बूच नाकाला लावलं. वास वेगळा होता. आणि मला सरांच्या कोशातला शब्द आठवला. 'बुचाचा वास लागलेली: क्वचित एखाद्या बाटलीस बुचाच्या फुलांचा मंद सुगंध येतो. ही भाग्याची बाटली समजावी.'

आमच्याकडे बुचाची झाडं फार. उंच, सरळ, थंडीच्या तोंडाला पांढरी लांब दांड्याची फुलं पहाटे खाली पडतात आणि सगळा रस्ता घमघमतो. सरांच्या दारातही एक आहे. त्याच्या सालीची पूर्वी बाटल्यांची बुचं करायचे, म्हणून त्याला बुचाचं झाड म्हणतात, हेही मला सरांनीच सांगितलेलं. सगळं जुळत होतं. नुसतं माझं नाक जुळत नव्हतं. पण मी म्हटलं, अर्ध्या नववीच्या नाकाचं काय ऐकायचं.

"सर, मॅडम, तुमचं नशीब चांगलं आहे," मी त्या दोघांना म्हटलं. "हिला बुचाच्या फुलांचा वास आलाय."

त्या बाईंनी ग्लास नाकाशी नेला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं एक घोट घेऊन रुमाल काढला. तेवढ्यात आमच्या मॅडम आल्या, त्यांनी हुंगलं आणि सगळी बाटली सिंकमध्ये ओतली. पाहुण्यांना दुसरी उघडून दिली. मग मला मागच्या खोलीत बोलावलं.

"विलास, ही वाइन खराब होती. बुचामुळे खराब होते कधीकधी. तू हिला काय म्हणालास?"

मी सांगितलं.

"बूच म्हणजे झाड नाही रे. बूच म्हणजे बाटलीचं बूच. कुठं वाचलंस हे?"

मी झेरॉक्स दिली. त्या तिथंच भिंतीला टेकून वाचायला लागल्या. त्या मध्येच हसल्या, मग टेंभराशी थांबल्या, पान उलटून मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाकीचं बरोबर आहे. बरोबर काय, चांगलं आहे. कोण आहेत हे?"

"आमचे सर."

"किती वर्षं आहेत या लाइनमध्ये?"

"मॅडम, ते पीत नाहीत."

त्यांनी कागद खाली केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मस्करी करतोय का ते बघत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, "बूच तेवढं खोड. आणि उद्यापासून आधी नाक, मग कागद." त्यांनी मला काढलं नाही. त्यांचेही उपकार इथं लिहून ठेवतो.

पण सरांना कसं सांगायचं? पुस्तक पुण्याला जाऊन पोचलेलं. छपाईला लागलं की ती चूक कायमची. दोन दिवस मी फोन हातात घेऊन पुन्हा ठेवून देत होतो. शेवटी फोन केला तो काकूंनी उचलला. मी त्यांनाच सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "थांब, देते. थे पडले तर मी आहे धराले."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मी वाट बघत होतो, ते रागावतील, नाहीतर खचतील. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मंग थो वास कायचा होता?"

"सर, तो खराब..."

"तुह्या नाकाले काय वाटलं थे सांग. कागद ठेव बाजूले."

मी डोळे मिटले. "जिनिंगमधलं ओलं बारदान, सर. पावसात भिजलेली रिकामी पोती एकावर एक ठेवली की येते तसा."

फोनवर पेन शोधल्याचा आवाज आला. "बारदान," सर म्हणाले. "बारदान लागलेली वाइन. वा, वा!" मग खालच्या आवाजात, "माह्याजवळच्या जुन्या इंग्रजी कोशात थे पान वाळवीनं खाल्लं होतं बावा. बुचाचा वास लागते, एवढी वरची एकच ओळ उरली होती. दारात झाड होतं, वास होता, मले वाटलं आणखी काय पाहिजे. अन् मी पुढं 'अं.' लिहिलंच नाही. इतकी खात्री वाटली."

त्यांनी त्याच दिवशी प्रकाशकाला फोन केला आणि आपली चूक स्वतः सांगितली. न सांगता नुसता शब्द बदलता आला असता. प्रकाशक घाबरले. म्हणाले, अशा आणखी किती असतील? आमच्या मॅडमनी सगळी पानं मागवली आणि महिनाभर बसून तपासली, चुका काढल्या. त्या चार-पाच निघाल्या, आणि सगळ्यांपुढे आधीच 'अं.' लिहिलेलं होतं. एवढ्यानं प्रकाशकाचं समाधान झालं. फक्त एका वाक्यावर गाडी अडली.

सरांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'या पुस्तकाच्या लेखकाने वाइनचा एक थेंबही चाखलेला नाही.' प्रकाशक म्हणाले, हे वाक्य काढा. हे वाचून कोणी पुस्तक विकत घेणार नाही, वर लोक हसतील. बाकी काही बदलू नका, हे एवढं काढा. सर म्हणाले, हे राहू द्या, बाकी काय काढायचं ते काढा. प्रकाशकानं पुस्तक बाजूला ठेवलं. ते आजही तसंच आहे.

गेल्या दिवाळीला मी गावी गेलो, तेव्हा फुलसावंगीला एक दिवस राहून दिग्रसला गेलो. मॅडमनी सरांसाठी एक भारी रेड दिली होती, बूच तपासून. सर थकलेले दिसले. छत्रीवर आता थोडा भार टाकून चालतात. बाटली पाहून त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले.

"उघड," ते म्हणाले. "पाहू तरी."

घरात वाइनचा ग्लास कुठून असणार. काकूंनी पाहुण्यांचा काचेचा ग्लास काढला, शरबताचा. मी बूच काढलं, ओतलं. सरांनी ग्लास दारातल्या उन्हात धरून रंग पाहिला. फिरवायला गेले तर ग्लास सरळ भिंतींचा, थोडी वाइन त्यांच्या बोटांवर सांडली. मग ग्लास नाकाशी नेऊन ते किती वेळ बसून राहिले. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल वाचलं, ते आत्ता नाकाच्या खाली होतं.

"जांभूळ हाय," ते म्हणाले. "मागून थोडा तंबाखू. अन् ओल्या लाकडाचं काहीतरी. बरोबर?"

"बरोबर, सर."

काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या ना एक घोट."

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"खरंच म्हणून राह्यली मी. एक घोट घेतला की थे पयल्या पानावरचं वाक्य खोटं होते. खोटं वाक्य तुम्ही ठेवत नाही. मंग काढावंच लागीन, अन् पुस्तक निघून जाईन. तुमच्या हयातीत निघू द्या ना जी."

त्या चेष्टेच्या आवाजात बोलायला लागल्या होत्या, शेवट मात्र तसा झाला नाही. सरांचा हात ग्लासवर तसाच होता. मला खरं सांगायचं तर वाटलं, ते घेतील. आणि घ्यावं असंही वाटलं.

"तुह्यं गणित बरोबर हाय," सर काकूंना म्हणाले. "पण सोडली थे बापानं. माह्या हातून थे त्याचं शील मोडीन. माहं असतं तर मोडलं असतं, पुस्तकासाठी."

त्यांनी ग्लास माझ्याकडे सरकवला.

"आता हे सांडू कुठं?" काकू उठत म्हणाल्या. "नालीत टाकलं तर पूर्ण मोहल्ल्याले वास येईन, अन् म्हणतील मनवर मास्तर शेवटी लागलाच."

"सांडू नको," सर म्हणाले. "विलास घेईन. थे त्याचं काम हाय. घे रे, अन् सांग."

सरांच्या समोर ग्लास तोंडाला लावायला मी थोडा वळून बसलो, बापासमोर विडी पेटवावी तसा. पण मी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि सांगत गेलो. आधी काय लागतं, मग काय, गिळल्यावर किती वेळ थांबतं. सर लिहीत गेले. मध्ये थांबवून विचारायचे, "टेंभरू का हिरडा?" मी पुन्हा घोट घ्यायचो. मी चुकून पुस्तकातला शब्द बोललो की पेन थांबायचं. "थे माहं झालं. तुह्यं सांग." काकूंनी मध्ये चिवडा आणून ठेवला, म्हणाल्या, रिकाम्या पोटी नको.

दुपारी सर मला बसस्टँडवर सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. माझी गाडी लागली, मी खिडकीशी बसलो. सर खाली उभे होते, नेहमीप्रमाणे सूचना देत होते, पाणी घेतलं का, डबा वर ठेव. कंडक्टरनं बेल दिली. गाडी मागं येऊन वळायला लागली आणि ते मला दिसेनासे झाले. वळल्यावर पुन्हा दिसले, पण त्यांना वाटलं असावं गाडी गेली. कापसाच्या एका गाडीच्या आडोशाला ते एकटे उभे होते. छत्री काखेत. त्यांनी उजव्या हाताची बोटं हळूच नाकाशी नेली, ज्यांवर वाइन सांडली होती ती, आणि डोळे मिटून तसेच उभे राहिले. मग खिशातून रुमाल काढून एकेक बोट नीट पुसलं आणि घराकडे चालायला लागले.

सर, हे तुमच्यासमोर मला बोलता येत नाही म्हणून लिहितो. मी आता काउंटरवर कायम झालोय. पगारातलं थोडं थोडं बाजूला टाकतोय. वेळ लागेल, मला माहीत आहे, आणि मला भीतीही त्याच वेळेची वाटते. पण तुमचं पुस्तक मी छापून आणीन. पहिल्या पानावरच्या त्या वाक्यासकट, एक अक्षर न बदलता, आणि पहिली प्रत दिग्रसला येऊन काकूंच्या समोर तुमच्या हातात देईन.